उन्हेऱ्याचें ऊन पाणी

प्रवासवर्णन लिहिण्याची ज्यांना हौस आहे त्यांनीं उन्हेऱ्यास जाण्याची तसदी घेऊं नये. तेथें वर्णन करण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. अष्टविनायकांपैकीं बल्लाळेश्वराचें जें पाली गांव, त्याच्यापासून दोन-तीन किलोमीटरांवर बांधून काढलेलीं ऊन पाण्याचीं कुंडें, शेजारीं विठ्ठलाचें देऊळ, भोंवतीं भाताचीं खाचरें, आणि मान वर केली कीं सरसगडाचा काळा कडा व त्याच्या मागें सह्याद्रीची रांग. एवढाच सारा थाट. पालीस येणारी यात्रा गणपतीचें दर्शन घेते, चिमाजीअप्पांनीं वसईच्या मोहिमेंतून आणलेली म्हणून सांगितली जाणारी घंटा पाहते, पोह्यांचे पापड विकत घेते, आणि पुढल्या गणपतीच्या वाटेला लागते. उन्हेऱ्याकडे तिचें पाऊल वळलें तर वळतें.

असें असतां या जागेविषयीं आम्हांला लिहावेंसें वाटलें याचें कारण त्या पाण्यांत नाहीं. आमच्या एका जुन्या शहाणपणांत आहे. त्या शहाणपणाचा हिशेब गेल्या पौषांत, त्याच पाण्यांत गुडघे बुडवून बसलों असतां, आम्हांला नाइलाजानें करावा लागला.

आमचें बालपण पेणेस गेलें. घरांत वडिलांची थोरली बहीण होती. तिला सारी आळी आक्का म्हणे. आम्ही आत्या म्हणत असूं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच वैधव्य येऊन ती माहेरीं आली ती कायमचीच. घरांतलीं माणसें तिच्याशीं वाईट वागत असें मात्र कोणी समजूं नये. तिला कोणीं कधीं उणें-अधिक बोललें नाहीं. परंतु तिच्याशीं कोणी बोलतही नसे, हें आज ध्यानांत येतें. "आक्का, चहा", "आक्का, पोरांकडे बघ", "आक्का, उद्यां एकादशी ना?" याच्या पलीकडे संभाषणाची मजल जात नसे. वर्षाचे तीनशें साठ दिवस ती स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मध्यें कोठें तरी असे. उरलेले पांच दिवस ती उन्हेऱ्यास असे.

पन्नाशीच्या सुमारास तिचे गुडघे धरूं लागले. एका वैद्यांनीं तिला पौषांत ऊन पाण्याचे पांच दिवस करावयास सांगितलें, आणि तें औषध तिनें अशा निष्ठेनें चालविलें कीं तशी निष्ठा आम्हीं पुढें आमच्या कोणत्याही विद्यार्थ्याची कोणत्याही पाठ्यपुस्तकावर पाहिली नाहीं. बरोबर एक पुरुषमाणूस हवें, म्हणून आमची नेमणूक होई. पुरुषमाणसाचें वय त्या वेळीं आठ होतें. १९७७ पासून पुढें आठ-नऊ वर्षें हें काम आमच्याकडे होतें, आणि पौष महिन्यांत शाळा बुडविण्याचा असा धर्मसिद्ध मार्ग सांपडल्याबद्दल आम्ही आत्याच्या गुडघ्यांचे मनोमन आभार मानीत असूं.

सकाळची एस.टी. धरावयाची. वडखळ, नागोठणें करीत ती वाकणास महामार्ग सोडी आणि अंबा नदीच्या खोऱ्यांतून धूळ उडवीत पालीस पोहोंचे. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. गाडीवरच्या पाट्या बदलल्या, पण आत्या अखेरपर्यंत "कुलाब्यांतलं" असेंच म्हणत राहिली. पालीस देवळाजवळ एका भिक्षुकांच्या पडवींत आमचें बिऱ्हाड पडे. दुसऱ्या दिवशीं पहांटे अंधार असतांनाच, डोक्याला कानपट्टी बांधून, दव पडलेल्या वाटेनें उन्हेऱ्यास निघावयाचें. थंडीनें दांत वाजत. आणि मग वळणावर एकदम कुंडांवरचा तो वाफेचा पांढरा थर दिसे. पाण्यावर कोणी तरी धुवट मलमल पसरून ठेविली आहे असें वाटे. पाय आंत घातला कीं चटका बसे. ओठ आवळून दहा अंक मोजले कीं त्याच चटक्याचें सुख होई, आणि पुढें बाहेर निघण्याचीच भीति वाटूं लागे.

बायकांची न्हाण्याची बाजू निराळी होती. पहिलीं दोन वर्षें आम्हांस लहान म्हणून तिकडे मुभा होती. मुंज झाल्यावर आम्ही पुरुषांच्या बाजूस हद्दपार झालों. हद्दपारीच्या पहिल्याच सकाळीं भिंतीच्या पलीकडून बायकांच्या बोलण्याचा गलबला ऐकूं येत होता, आणि त्यांत एक हंसण्याचा आवाज होता: मोकळा, खालच्या पट्टींतला, थांबतां थांबतां पुन्हां सुरू होणारा. हें हंसतें तें कोण, असें कुतूहल वाटून आम्ही कान देऊन राहिलों. बऱ्याच वेळानें, मधल्या एका शब्दावरून, तो आत्याचा आवाज आहे असें समजलें. घरांत तो आम्हीं कधीं ऐकला नव्हता, म्हणून ओळखला नव्हता.

तेथें जमणाऱ्या बायका दरसालच्याच असत. कोणी रोह्याच्या, कोणी खोपोलीकडच्या, कोणी जवळच्याच वाडीवरच्या. जातपात, सोंवळें-ओंवळें पाण्याच्या काठापर्यंत येऊन थांबत असे. एकदां गळ्याइतक्या पाण्यांत बसल्यावर कोणाचें लुगडें कसलें हें कोणाला दिसणार? आत्या पेणेहून निघतांना मोड आलेले वाल पंच्यांत बांधून आणी. कुंडांतून वाहून जाणारें पाणी जेथें पाटानें खाचराकडे उतरे, तेथें त्या वाहत्या पाण्यांत ती पुरचुंडी दगडाखालीं दाबून ठेवी. न्हाणें उरकेपर्यंत वालांच्या साली सैल होत. मग चार-सहा जणी उन्हांत पाय पसरून सोलावयास बसत. ज्यांनीं वाल सोलले आहेत त्यांना हें सांगावयास नको कीं हें काम एकट्यानें करण्याचें नव्हे. एकट्यानें केलें तर त्याच्यासारखें कंटाळवाणें काम नाहीं, आणि चौघींनीं केलें तर तें केव्हां संपलें हें कळत नाहीं. अंगठा आणि तर्जनी यांच्यांत दाणा धरून किंचित् दाबला कीं पांढरी डाळिंबी सुळकन् पुढें उडे व साल बोटाला चिकटून राही. त्या बायका एकमेकींकडे न पाहतां, बोटांकडे पाहत बोलत. सुनांविषयीं, दुभत्या म्हशींविषयीं, मेलेल्या मुलांविषयीं. आम्ही बाजूला बसून डाळिंब्या चोरीत असूं.

दुपारीं पडवींत त्याचें बिरडें होई. वर ओलें खोबरें, कोथिंबीर, आमसुलाचें पाणी, आणि तांदळाची भाकरी. परंतु खरी मेजवानी संध्याकाळीं असे. त्या बायकांत एक वाडीवरची कुळवाडीण होती. आत्या तिला वहिनी म्हणे. ती आत्याला आक्का म्हणे. भाताची कापणी झाल्यावर खाचरांत जी ओल राहते तिच्या बळावर आमच्याकडे वाल येतो, त्याला निराळें पाणी द्यावें लागत नाहीं. वहिनीचें खाचर कुंडांपासून हांकेच्या अंतरावर होतें. पांचांतली एक संध्याकाळ तेथें पोपटीची असे.

आजच्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला पोपटी म्हणजे काय हें सांगावें लागतें. निदान आतांआतांपर्यंत सांगावें लागत होतें. एक जुनें मडकें घेऊन त्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला दाबून बसवितात. त्यावर न सोललेल्या वालाच्या शेंगांचा थर, जाडें मीठ, ओवा. पुन्हां पाला, पुन्हां शेंगा. मांसाहारी घरांत याच थरांत अंडीं आणि मसाला चोळलेली कोंबडी जाते; आत्याकरितां म्हणून जें निराळें लहान मडकें लागे त्यांत बटाटे व रताळीं जात. तोंडाशीं पाल्याचा घट्ट बोळा कोंबून मडकें जमिनीवर उपडें करावयाचें, आणि भोंवतीं पेंढा, काटक्या, शेणी रचून पेटवावयाचें. पाण्याचा थेंब आंत जात नाहीं, तेलाचाही नाहीं. शेंगा आपल्याच ओलाव्यानें आणि पाल्याच्या वाफेनें शिजतात. अर्धा तास लोटला कीं तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारून पाहतात. पाणी चर्र करून तत्क्षणीं उडालें कीं पोपटी झाली. मग राख झटकून, बोळा ओढून, सारें एका जुन्या गोणपाटावर ओततात. त्या वेळीं भांबुर्डीचा जो उग्र, किंचित् औषधी वास सुटतो त्याला उपमा देणें आमच्या आवांक्याबाहेरचें आहे. तो वास बोटांना दोन दिवस राही. आम्ही तो पेणेस शाळेंत नेत असूं आणि वर्गांत बोटें हुंगत बसत असूं.

एकदां आगटीशीं बसलों असतां आम्हीं आत्याला विचारलें कीं कुंडाच्या खालींही कोणीं अशीच मोठी पोपटी लावली आहे काय. ती शेंग सोलीत होती. "असेल," ती म्हणाली, "देवाला काय शेणींची वाण आहे?" वहिनी इतकी हंसली कीं तिला ठसका लागला. आत्यानें विनोद केलेला आम्हीं ऐकला तो हा एवढाच.

या ठिकाणीं थोडें शास्त्र सांगणें प्राप्त आहे. तें पुढें आमच्या अपराधाचें हत्यार झालें, म्हणूनच सांगतों. पालघर जिल्ह्यांतल्या कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, सह्याद्रि आणि समुद्र यांच्या मधल्या सुमारें ३५० किलोमीटरांच्या पट्ट्यांत, १८ ठिकाणीं मिळून साठएक ऊन झरे आहेत. तानसा नदीकांठचीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी यांतलींच. पालीजवळचें उन्हेरें, महाडजवळचें सव, दापोलीकडचें उन्हवरें, संगमेश्वर तालुक्यांतलीं आरवली, तुरळ व राजवाडी, आणि राजापूरचें उन्हाळें हीं पुढचीं. उन्हवऱ्याचें पाणी सुमारें ७० अंश सेल्सिअस, म्हणजे अंगावर घेण्याच्या पलीकडचें. आरवलीचें अंगाला मानवणारें. संस्कृत 'उष्ण' याचें प्राकृतांत 'उण्ह' झालें, आणि तो 'ह' कोंकणांतल्या या गांवांच्या नांवांत अजून वाफाळत आहे. जेथें जमिनींतून ऊन पाणी निघालें तेथें लोकांनीं दुसरें नांव शोधण्याचे श्रम घेतले नाहींत.

ही ऊब ज्वालामुखीची, असा पुष्कळांचा समज असतो. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचा खरा. पण तो सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा, केव्हांच निवून गेलेला. या पाण्याचें रहस्य साधें आहे. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें. भूगर्भांत दर किलोमीटरास उष्णता २५ ते ३० अंशांनीं वाढत जाते. तेथें तापून तें दुसऱ्या भेगेनें वर येतें. आपल्या किनाऱ्याला समांतर अशी खडकांची एक मोड आहे. लाव्हाचे जे थर देशावर आडवे पसरले आहेत ते येथें समुद्राकडे कलतात. तिला पनवेलचेंच नांव मिळालें आहे, पनवेल फ्लेक्शर. आणि झऱ्यांची ओळ साधारण त्याच दिशेनें जाते. ज्या जे. बी. ऑडन यांनीं १९४९ सालच्या आपल्या निबंधांत तिचा विचार केला ते कवि ऑडन यांचे वडील बंधु. धाकट्या ऑडनच्या कविता आम्हीं तीस वर्षें शिकविल्या. थोरल्यानें आमच्या दारांतला खडक वाचून ठेविला होता हें आम्हांला निवृत्ति जवळ आल्यावर समजलें.

आतां त्या शहाणपणाकडे येतों. १९९२ सालीं मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे वाशीस आली, आणि आमच्यासारख्या पगारदारांना नवी मुंबई रहाण्याजोगी वाटूं लागली. १९९६ सालीं आम्हीं नेरूळास घर घेतलें. वडील वारल्यावर पेणेचें घर मोडलें आणि आत्या आमच्याकडे आली. तिला खिडकीजवळची खोली दिली, पलंग दिला, दूरदर्शनचा संच दिला. न्हाणीघरांत गीझर होता. कळ फिरवितांच ऊन पाणी येतें हें पाहून तिला कौतुक वाटलें. पण पौष जवळ आला कीं ती चुळबुळ करूं लागे, आणि आमच्या कुटुंबानें (हा शब्द आतां कोणी वापरीत नाहीं, आणि तो आम्हीं छापून आणला हें घरीं कळलें तर आमची धडगत नाहीं) दोन वर्षें रजा काढून तिला उन्हेऱ्यास पोहोंचविलें.

तिसऱ्या वर्षीं, म्हणजे १९९८ च्या अखेरीस, आम्ही आडवे आलों. आम्ही त्या वेळीं तिशीच्या अलीकडे होतों, नवे प्राध्यापक होतों, आणि आपल्याला पुष्कळ कळतें असा आमचा दृढ समज होता. आम्हीं आत्याला समोर बसविलें. गंधक-बिंधक कांहीं नाहीं, असें सांगितलें. कोंकणच्या झऱ्यांच्या पाण्यांत मुख्यतः मिठाच्या जातीचे क्षार असतात, ते कातडींतून आंत जाऊन गुडघ्याला पोहोंचत नाहींत. गुण येतो तो केवळ उष्णतेचा. आणि उष्णता जर हवी तर ती न्हाणीघरांत कळ फिरवितांच मिळते. मग एवढा एस.टी.चा हेलपाटा, एवढी थंडी, ती सार्वजनिक कुंडांतली घाण, हें सर्व कशाकरितां?

हें पुरें झालें नाहीं म्हणून आम्हीं साहित्याचा आधार घेतला. त्या सत्रांत आम्ही स्मॉलेटची 'हंफ्री क्लिंकर' ही १७७१ सालची कादंबरी शिकवीत होतों. तिच्यांतला चिडखोर, गाउटनें बेजार झालेला मॅथ्यू ब्रँबल बाथ शहरीं ऊन झऱ्याचें पाणी पिण्यास जातो, आणि तेथें त्याच्या मनांत शंका येते कीं रोगी ज्यांत न्हातात तेंच पाणी फिरून आपल्या पेल्यांत तर येत नसेल? ही शंका तो ज्या किळसवाण्या तपशिलानें मांडतो ती वाचून आमचे विद्यार्थी दरसाल खो खो हंसत. स्मॉलेट स्वतः डॉक्टर होता, आणि पाण्याच्या बाह्योपचारावर त्यानें १७५२ सालीं एक निबंधही लिहिला होता, हेंही आम्हीं आत्याला सांगितलें. नंतर तो भाग मराठी करून तिला वाचून दाखविला. ती हंसली नाहीं. सगळें ऐकून घेतल्यावर तिनें विचारलें, "तो म्हातारा पुढें बरा झाला का रे?"

"झाला," आम्ही म्हणालों, "पण पाण्यानं नाहीं झाला. हिंडल्या-फिरल्यानं झाला, माणसांत मिसळल्यानं झाला. शेवटच्या पत्रांत तो तसं लिहितो."

"बरं," आत्या म्हणाली. आणि आम्ही उठून पेपर तपासावयास बसलों.

त्या पौषांत ती गेली नाहीं. पुढच्याही नाहीं. सकाळीं न्हाणीघरांत ती पुष्कळ वेळ असे. गीझरचें पाणी तांब्यानें गुडघ्यांवर ओतीत बसे. बाहेर आल्यावर आम्ही विचारीत असूं, "बरं वाटतं ना?" "वाटतं," ती म्हणे. पत्नीनें एकदांच आम्हांला म्हटलें, "तुम्ही पाण्याची डिग्री मोजलीत. पण पाण्यासाठीं का त्या जात होत्या?" यावर आम्हीं कांहीं तरी सयुक्तिक उत्तर दिलें असावें, तें आतां आठवत नाहीं. २००५ सालीं आत्या वारली. उन्हेऱ्याचा विषय तिनें पुन्हां काढला नव्हता. वाडीवरच्या वहिनीला कळवावें असें आमच्या मनांत आलें, तेव्हां तिचें नांव काय हें आम्हांला ठाऊक नाहीं असें आढळून आलें.

पुढें २०११ सालीं आम्ही दोघे कुलूकडे सहलीस गेलों तेव्हां मणिकरण पाहिलें. पार्वती नदीच्या काठीं, बर्फाच्या डोंगरांखालीं, उकळत्या पाण्याचे झरे आहेत. गुरुद्वाऱ्याच्या लंगरासाठीं तांदुळाच्या आणि चण्याच्या पुरचुंड्या त्यांत सोडून शिजवितात. आमच्याबरोबरचीं मंडळी छायाचित्रें काढण्यांत गढून गेलीं होतीं. पत्नी त्या पुरचुंड्यांकडे पाहत उभी होती. "आत्यांचे वाल," एवढेंच ती म्हणाली. हिमालयांतल्या त्या चमत्काराविषयीं सहलींत आम्ही फार उत्साहानें बोललों असें तिला वाटलें नाहीं.

आतां आमचेच गुडघे बोलूं लागले आहेत. वर्गांत तास उभ्यानें घेण्याची सवय. जिने चढतांना कठड्याचा आधार लागूं लागला. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे आम्हांला पाठविण्यांत आलें त्यांनीं व्यायाम दाखविले आणि शक्य असल्यास ऊन पाण्याच्या तलावांत उतरण्यास सांगितलें. आम्हीं आपला जुना युक्तिवाद पुढें केला, कीं घरीं गीझर आहे. त्या तरुण बाई हंसल्या. "सर, तांब्यानं पाणी ओतणं वेगळं आणि पाण्यांत उभं राहणं वेगळं. छातीइतक्या पाण्यांत तुमच्या पायांवर वजनाचा तिसरा हिस्साच राहतो. दुखरा सांधा मोकळा हलतो तो त्यामुळं." म्हणजे आर्किमिडीजनें सांगून ठेवलेली गोष्ट! शाळेंत शिकलेली, परीक्षेंत लिहिलेली. आत्याचें गुडघ्याचें दुखणें पाण्यांत कमी होत होतें तें क्षारांनीं नव्हे आणि एकट्या उष्णतेनेंही नव्हे. तिचें ओझें पाणी उचलीत होतें. आम्हीं ज्या शास्त्राच्या नांवानें तिला घरीं बसविलें तें शास्त्रसुद्धां आम्हांला पुरतें येत नव्हतें.

गेल्या पौषांत आम्ही दोघे उन्हेऱ्यास गेलों. रविवार होता, ही चूक झाली. मोटारींची रांग, कुरकुरीत पदार्थांचीं पाकिटें, दूरध्वनीवर चित्रें टिपणारी तरुण मंडळी. पालीच्या वाटेवर दोन-तीन ठिकाणीं 'पोपटी पार्टी' अशा पाट्या लागल्या होत्या, कारण पोपटीला आतां बरे दिवस आले आहेत. शनिवार-रविवार गाड्या भरभरून लोक शेतघरांवर येतात आणि मडक्याभोंवतीं उभे राहून जाळाचें चित्रण करतात. यांत नाक मुरडण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांला वाटत नाहीं. नवी मुंबईंतल्या जुन्या गांवांत, खाडीकांठीं, आगरी मंडळींनीं ती कोणाच्या कौतुकाची वाट न पाहतां चालू ठेविली होतीच. फक्त शेंग दांतांखालीं यावयाच्या आधीं चित्र निघतें, एवढा फरक. वहिनीचें खाचर जेथें असावें असें आम्हांला वाटत होतें तेथें एक कुंपण होतें, आंत एक शेतघर होतें, आणि दारावर कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना होती. तें तेंच खाचर होतें अशी खात्री मात्र देववत नाहीं. पन्नास वर्षांपूर्वींच्या मुलानें पाहिलेलीं अंतरें मोठ्यांच्या पावलांशीं जुळत नाहींत.

दुपारीं गर्दी ओसरल्यावर आम्ही पाण्यांत उतरलों. चटका तोच. दहा अंक मोजले. पाणी छातीशीं आलें तसे गुडघे हलके झाले, आणि त्या बाईंनीं सांगितलेला तिसरा हिस्सा म्हणजे काय तें समजलें. भिंतीच्या पलीकडे बायका होत्या. कोणाच्या तरी मुलीचें लग्न मोडलें होतें त्याची हकीकत चालली होती. मध्येंच कोणी कांहीं बोललें आणि सगळ्या एकदम हंसल्या. त्या हंसण्यांत आमच्या पत्नीचा आवाज होता. तो मात्र आम्हीं लगेच ओळखला, आणि ओळखला याचें आम्हांला इतकें बरें वाटलें कीं आम्ही पाण्यांतून लवकर बाहेर आलों नाहीं.

ती बाहेर आली ती अर्ध्या तासानें. दोघींचीं गांवें, तिघींचीं दुखणीं आणि एकीचा दूरध्वनि-क्रमांक घेऊन. "आत्यांना ओळखणारं कुणी भेटलं?" आम्हीं विचारलें. "वीस-पंचवीस वर्षं झालीं हो," ती म्हणाली, "कोण भेटणार?" मग पालीच्या बाजारांत आम्हीं अर्धा किलो कडवे वाल घेतले. विकणारी बाई म्हणाली, यंदा शेंगेला धुकें बाधलें. 

नेरूळास परतल्यावर वाल भिजत घातले. दुसऱ्या दिवशीं फडक्यांत बांधले, तिसऱ्या दिवशीं त्यांना बोटभर मोड आले. संध्याकाळीं पत्नीनें परातींत गीझरचें पाणी घेतलें आणि वाल त्यांत टाकले. सोलावयास दोघे बसलों. आमचा अंगठा प्रथम नीट चालेना. डाळिंब्या फुटूं लागल्या, आणि एक सोफ्याखालीं गेली. अर्ध्या किलोला पाऊण तास लागला. त्या वेळांत बोलणें पुष्कळ झालें. त्यांतलें बरेंचसें पत्नीच्या दिवंगत आईविषयीं होतें, आणि लग्नाला इतकीं वर्षें झालीं तरी त्यांतल्या दोन गोष्टी आम्हांला नव्या होत्या.

पुढच्या पौषांत मंगळवार-बुधवार पाहून पांच दिवस जावयाचें ठरलें आहे. आमच्याच इमारतींत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बाई गुडघ्यांनीं बेजार आहेत. मुलगा-सून दिवसभर कामावर असतात. त्यांनाही बरोबर न्यावें असें पत्नीच्या मनांत आहे, आणि विचारावयास ती स्वतःच जाणार आहे. आम्हीं त्या वेळीं घरांतच थांबावें, आणि क्षारांविषयीं कांहीं सांगावयास जिना चढून येऊं नये, अशी आम्हांला ताकीद आहे.